माग थांबतात ते दिवस

काल दुपारी मागच्या गल्लीतला शेवटचा माग थांबला आणि भिंतीवरचे घड्याळ चालू असल्याचे मला कळले. हे वर्षातून एकदाच कळते. सुरतेत उधना आणि लिंबायत यांच्या मधल्या गल्ल्यांत राहणाऱ्या माणसाला दिवाळीसाठी पंचांग पाहावे लागत नाही. आठवडाभर आधीपासून एकेक कारखाना गप्प होत जातो. प्रथम लांबचा आवाज जातो, मग शेजारचा. माठातल्या पाण्यावर वर्षभर उमटणारी बारीक थरथर नाहीशी होते. बशीतला चमचा किणकिणायचा थांबतो. नंदुरबार-अमळनेरकडच्या गाड्यांना लोंबकळत माणसे गावी जातात आणि मागे माझ्यासारखी उरतात, ज्यांना गावी ओळखणारे आता कोणी नाही. दिवाळीनंतर लाभपाचमीला माग पुन्हा चालू करण्याचा मुहूर्त होतो, पण माणसे परतायला आणखी दिवस जातात. तोवर ही शांतता टिकते.

माझी पहिली कादंबरी अशाच एका शांततेत लिहिली गेली. त्यानंतर तीस लिहिल्या. रेल्वे स्थानकावरच्या गाड्यांतून, एसटी स्टँडवरच्या दोरीला लटकून, फिरत्या वाचनालयांच्या पेट्यांतून त्या खानदेशात, मराठवाड्यात, विदर्भात गेल्या. यंदा त्या पहिल्या कादंबरीची, ‘पाण्याखालचा कान’ची, नवी आवृत्ती निघते आहे आणि प्रकाशकांच्या चिरंजीवांनी माझ्याकडे दोन पाने मनोगत मागितले आहे. ते मी लिहिणार नाही. त्याऐवजी हे लिहितो आहे. माझ्याविषयी इतक्या लोकांनी इतके लिहून ठेवले आहे की त्याचा प्रतिवाद करायला आता मी एकटाच उरलो आहे. आणि दुसरे असे, की कडोदऱ्याला राहणाऱ्या एका माणसाला मला एक गोष्ट सांगायची आहे. चाळीस वर्षे ती सांगायची राहिली. तो माणूस ऐंशीचा आहे, मी अठ्ठ्याहत्तरचा. दिवाळीच्या या वेकेशनमध्ये सांगितली नाही तर ती आमच्यापैकी कोणाबरोबर तरी जाईल.

पण आधी बाकीच्यांचा हिशेब.

एका पुरवणीने छापले होते, की नौदलातल्या कोणा बड्या अधिकाऱ्याने मला गोपनीय कागद दाखवले आणि त्यावरून मी त्या कादंबरीतल्या पाणबुडीचे वर्णन केले. या विधानात अधिकारी खोटा आहे, कागद खोटे आहेत, आणि ‘त्यावरून’ हा शब्दही खोटा आहे. समुद्र मी डुमसला पाहिला आहे, हातात भज्यांचा पुडा घेऊन, घोट्याएवढ्या पाण्यात. त्यापलीकडे मी कधी गेलो नाही. दुसरी कथा प्रकाशकांच्या चिरंजीवांची. आपल्या वडिलांनी ‘सुरतेच्या एका गिरणीकामगारातला लेखक हेरला’, असे ते सभेसभेत सांगतात. सुरतेत आमच्याकडे गिरणी असते ती पिठाची. कापड विणतात ते मागावर, आणि मी मागही चालवला नाही. मी जकार्डची कार्डे पाडीत असे. साडीवरचे नक्षीकाम आधी चौकटीच्या कागदावर उतरवायचे आणि मग त्याबरहुकूम पुठ्ठ्यांच्या लांब पट्ट्यांना भोके पाडायची. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. एवढ्या दोनच गोष्टींतून मोर होतो, कोयरी होते, काठ होतो. पुढे संगणकाविषयी मी सहा कादंबऱ्या लिहिल्या त्या या पुठ्ठ्यांच्या बळावर. लोक म्हणाले, माणूस काळाच्या पुढे आहे. मी फक्त पुठ्ठ्याच्या जवळ होतो.

आणि पाणबुडी? ती आमच्या शेडमध्ये होती. पत्र्याचे छप्पर, काळवंडलेल्या भिंती, तेलाचा वास, अठ्ठेचाळीस मागांचा अखंड आदळआपट करणारा आवाज, त्यात दिवसाचे बारा तास कोंडलेली माणसे. वर पाणी असले काय आणि पत्रा असला काय. त्या आवाजात शब्द ऐकू येत नसत, म्हणून माणसे हातांनी आणि ओठांनी बोलत. बोटे वळली म्हणजे धागा तुटला, गाठ मार. अंगठा तोंडाशी गेला म्हणजे चहा आला. पंजा जमिनीच्या दिशेने दाबला म्हणजे माग बंद कर. वाक्येच्या वाक्ये ती नुसती ओठ हलवून बोलत आणि तीस फुटांवरचा माणूस ती वाचून हसत असे. मी वरच्या मजल्यावर, कार्डांच्या खोलीत बसत असे. ती भाषा मी शिकलो नाही. शिकावीशी वाटली नाही, हे अधिक खरे. मी खाली काम करणारा नव्हतो, हे कोणाच्या लक्षात राहिले नाही तर काय, याची मला सतत धास्ती असे.

कादंबरी लिहिली त्या वर्षीच्या वेकेशनमध्ये घरची माणसे पारोळ्याला गेली आणि मी सुरतेत थांबलो, कारण दामू थांबणार होता. दामू आमच्या शेडचा जॉबर. माग बिघडला की तो दुरुस्त करायचा, आणि बिघडण्याआधी ओळखायचा. सगळे गावी गेले की अठ्ठेचाळीस मागांची वर्षभराची तेलपाण्याची, घासूनपुसून नव्याने जुळवण्याची कामे तो एकटा करी. त्याला लिहितावाचता येत नव्हते. त्याचे कान मात्र असे होते, की चालत्या शेडमध्ये दारातून आत पाऊल टाकताच तो म्हणायचा, “एकोणीस नंबरचा धोटा झिजना.” आणि एकोणीस नंबरचा धोटा, म्हणजे ताण्यातून इकडून तिकडे बाणा नेणारी ती लाकडी होडी, खरोखरच झिजलेला असायचा. अठ्ठेचाळीस मागांच्या गदारोळात एका होडीचे झिजणे. माझ्या कादंबरीचा नायक निशिकांत पाणबुडीत कान लावून बसतो; त्याने शत्रूच्या पाणबुडीच्या पंख्याचे एक पाते चिरल्याचे समुद्राच्या तळाशी ओळखले, ते दुसरे काय होते?

आम्ही दोघे त्या रिकाम्या शेडमध्ये सकाळी जायचो. उंच झरोक्यांतून ऊन तिरपे खाली यायचे आणि कापसाची धूळ त्यात हळूहळू उतरायची. तो मागांच्या पोटात शिरायचा, मी एका उलट्या खोक्यावर बसून कोऱ्या चौकटीच्या कागदांवर लिहायचो. मधूनमधून त्याला प्रश्न विचारायचो. मी प्रमाण मराठीत विचारायचो, तो अहिराणीत उत्तर द्यायचा. मीही त्याच बोलीच्या घरात जन्मलो, पण ती मी दाराबाहेर काढीत नसे.

“दामू, यंत्र बिघडते तेव्हा आधी आवाज बदलतो की चाल?”

“तू पुस्तकसारखा बोलस, भाऊ,” तो मागाखालून म्हणायचा. “आधी वास बदलस. मंग आवाज. चाल तर मुकादमले बी दिखस.”

दुपारी भाकरी खाल्ल्यावर मी त्याला सकाळी लिहिलेले वाचून दाखवी. त्याचे हात तेलाने काळे असत, म्हणून तो ते गुडघ्यांवर उताणे ठेवून ऐकत बसे. निशिकांतने पहिल्यांदा पंख्याचा आवाज ओळखला ते प्रकरण ऐकून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. “याले पगार किती देतस रे?” त्याने विचारले. मी म्हणालो, नौदलात मान मोठा असतो. “म्हंजे कमीच देतस,” तो म्हणाला.

त्या पंधरवड्यात मी जसे लिहिले तसे पुन्हा कधी लिहिले नाही. हे कोणत्याही पुरवणीत आलेले नाही, म्हणून इथे नोंदवतो. मागे वळून पाहता मला तेवढाच काळ लेखकाचा वाटतो. नंतरचा सगळा काळ कादंबऱ्यांचा आहे.

शेड बंद असले की कबुतरे येतात. झरोक्यांतून आत शिरून ती जकार्डच्या चौकटींवर बसतात आणि घुमत राहतात. एके दुपारी दामू हातातला पाना खाली ठेवून बराच वेळ वर बघत राहिला.

“भाऊ, ती घुमी ऱ्हायनात का?”

मी म्हणालो, “हो, मघापासून. का?”

“गळा फुगस. दिखस माले. आवाज येत नही.”

मग त्याने सांगितले. उजव्या कानात वर्षभर शिट्टी वाजते आहे. माग बंद असले तरी त्याच्या कानात एक माग चालूच असतो. बारीक आवाज आधी गेले: पाल, घड्याळ, धाकट्या मुलीचे बोलणे. मागाचा आवाज अजून येतो, पण कोणत्या मागाचा ते कळायला जवळ जावे लागते. चालत्या शेडमध्ये तो आताशा लोकांचे ओठ बघून निभावून नेतो. ते तर सगळेच करतात, म्हणून कोणाला शंका आली नाही.

“कोनलेच सांगू नको,” तो म्हणाला. “कान गया तं जॉबर गया.”

मी म्हणालो, “वेडा आहेस का? मी कोणाला सांगणार?”

कादंबरीचा शेवट तोवर मला सुचत नव्हता. त्या दिवशी सुचला. शेवटच्या प्रकरणात निशिकांतचे कान जातात. शत्रू जवळ आला आहे, सगळे त्याच्याकडे पाहत आहेत, आणि त्याला काही ऐकू येत नाही. तेव्हा तो पाणबुडीच्या पोलादी भिंतीला तळवा लावतो आणि पंख्याची थरथर हाताने ओळखतो. तळव्याची कल्पना संपूर्ण माझी आहे. कानांची नाही. हे प्रकरणही मी दामूला वाचून दाखवले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि खाली मान घालून म्हणाला, “त्याना कान ऱ्हाऊ दे ना, भाऊ.”

मी त्याला समजावले. वाङ्मयात असे करावे लागते, नायकाकडून काहीतरी काढून घ्यावे लागते, वगैरे. मी बराच वेळ बोललो. तो म्हणाला, “तुले जसं ठीक लागस तसं कर,” आणि मागाखाली गेला.

पुस्तक आले आणि चालले. वाचकांची पत्रे पोत्याने येऊ लागली. पंख्याच्या पात्यांची संख्या चुकली आहे, असे एका निवृत्त अभियंत्याने कळवले तेव्हा मी त्याला उलटटपाली अकरा पत्रे लिहिली आणि बाराव्याच्या आत त्याच्याकडून माफी मिळवली. माझ्या पुस्तकात एक खिळाही कल्पित नाही, हे मी प्रत्येक मुलाखतीत सांगत असे. इतर लोक गोष्टी लिहितात, मी यंत्र लिहितो, असेही एकदा म्हणालो होतो. ते वाक्य अजून माझ्या पुस्तकांच्या पाठीवर छापतात.

गेल्या महिन्यात इथल्या एका मराठी मंडळाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, खुर्चीवर बसवून काढलेले फोटो, सगळे यथासांग झाले. शेवटी एक तरुण मुलगी बोलायला उभी राहिली. दामूची नात, ज्योती. एम्ब्रॉयडरीच्या एका युनिटमध्ये संगणकावर डिझाइन करते, म्हणजे माझाच धंदा, फक्त पुठ्ठ्याविना. शाळा गुजराती, घरी अहिराणी, कामावर हिंदी. मराठी तिने हे पुस्तक वाचण्यासाठी जवळजवळ नव्याने शिकून घेतली होती. ती म्हणाली, “या पुस्तकातला निशिकांत म्हणजे माझे आजोबा. शेठने कोणाकडून तरी पुस्तक वाचून घेतलं, त्याला आजोबा ओळखू आले आणि त्यांची जॉबरची जागा गेली. पण यात पुस्तकाचा वांक नाही. नानांचा पण वांक नाही.” नाना म्हणजे मी, वांक म्हणजे दोष. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

कार्यक्रमानंतर ती माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि शेजारी बसली.

“नाना, खोटं नका लावू हं,” ती म्हणाली. वाईट वाटून घेऊ नका, याला आमच्या सुरतेतली मराठी मुले असे म्हणतात. “बोलताना मलाच डाउट आला. शेठला तर मराठी येत नव्हतं ना?”

“नव्हते.”

“आणि पुस्तक वाचून पण कोणाला कसं कळणार की खऱ्या माणसाचा कान जातोय? आजोबा तर बोलतात, तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.”

“मला काय ठाऊक,” मी म्हणालो. “चहात साखर नाही.”

ती साखर आणायला उठली. चांगली मुलगी आहे.

तेव्हा तिच्या कथेचाही प्रतिवाद करणे आले. तिच्यापुढे मी केला नाही, इथे करतो. शेठने पुस्तक कोणाकडून वाचून घेतले नाही. त्या माणसाने आयुष्यात भावफलक सोडून काही वाचले नव्हते. घडले ते असे.

पुस्तक निघाल्यानंतरची ती पहिली लाभपाचम. शेठ कुंकू, फुले आणि पेढ्यांचे खोके घेऊन आले. मुहूर्तापुरते आठ माग चालू केले होते. पत्र्याखाली आठ मागही पुरेसे असतात. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर तोंड कानाशी न्यावे लागते. दामू पलीकडच्या रांगेत मागाला हात लावून उभा होता, फार तर पंधरा पावलांवर. शेठ माझ्यापाशी थांबले, पेढा दिला आणि माझ्या कानाशी ओरडून म्हणाले, “लेखकभाई! सांभळ्युं छे, तमारी चोपडी बहु चाले छे. कोई बहेरा माणसनी वात छे?” पुस्तक फार चालते, बहिऱ्या माणसाची गोष्ट आहे म्हणे. कोणीतरी त्यांना कथानक सांगितले असावे, एवढेच.

मी म्हणालो, हो.

“ए बधुं साचुं, के गप्पां?”

हे सगळे खरे, की गप्पा? त्या शब्दाने मी पेटलो. कारखान्याच्या मालकाने, दिवाळीचा पेढा हातात देऊन, माझ्या पुस्तकाला गप्पा म्हणावे! मी त्यांच्या कानाशी गेलो आणि सुरतेच्या मोडक्यातोडक्या गुजरातीत ओरडून सांगितले, की एक अक्षर खोटे नाही. असा कान असलेला माणूस समुद्रात शोधायला नको, तुमच्याच शेडमध्ये आहे, तो पाहा. आणि मी बोट दाखवले. शेठनी वळून दामूकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. “छेल्ले बहेरो थई जाय, ए पण साचुं?” शेवटी बहिरा होतो, तेही खरे?

मी म्हणालो, “ए पण.”

वचन मला आठवले नाही, असे लिहिता आले असते. आठवले होते. आठवताच मनात पहिला विचार आला तो असा, की एवढ्या आवाजात, आणि त्यातून दामूला, हे ऐकू जाणार नाही.

आठ दिवसांत शेठनी एका मागाचा बोल्ट मुद्दाम सैल करायला लावला आणि दामू त्यावरून तीनदा गेला, तरी त्याला तो ओळखू आला नाही. मग त्याला मागांवरून काढून तेलाची किटली दिली. पुढल्या दिवाळीच्या आत तो कडोदऱ्याला एका कारखान्याच्या फाटकावर राखणदार म्हणून गेला. कोणी कोणाला काय सांगितले, याची त्याने कधी चौकशी केली नाही. निदान माझ्याकडे तरी नाही. दर दिवाळीला मात्र कोणाच्या ना कोणाच्या हाती त्याच्या घरचा सांजोऱ्यांचा डबा येत राहिला. आधी त्याची बायको करी, मग सून, आता ज्योतीची आई. डबा रिकामा परत देऊ नये म्हणून आम्ही त्यात साखर घालून पाठवत असू. चाळीस वर्षे माझा आणि दामूचा व्यवहार एवढाच.

माझे म्हणाल तर मी लिहीत गेलो. उपग्रह आले, उपग्रहांवर लिहिले. फ्लॉपी आल्या, फ्लॉपीवर लिहिले. त्या कादंबरीतले रहस्य आज कोणत्याही मुलाच्या हसण्याचा विषय होईल. यंत्र जुने होते तसे यंत्राविषयीचे पुस्तकही जुने होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. माझे वाचक गेले. काही वारले, बाकीच्यांची नजर फोनमध्ये गेली. एकतिसाव्या कादंबरीनंतर मी दरवर्षी या वेकेशनची वाट पाहिली, की माग थांबतील, घड्याळ ऐकू येईल आणि पहिले वाक्य येईल. माग थांबतात. घड्याळ ऐकू येते. मी चौकटीचे कागद पुढे घेऊन बसतो, आणि कबुतराचा फुगलेला गळा तेवढा डोळ्यांपुढे येतो. एकतीस पुस्तकांत खरे असे काही असेल तर ते एका माणसाचे होते आणि मी ते त्याला न विचारता उचलले. त्यावर उभे केलेले बाकी सगळे पत्र्याचे.

इथवर काल लिहिले, आणि म्हणून आज सकाळी कडोदऱ्याला गेलो.

बस रिकामी होती. सहारा दरवाजाच्या पुढे बाजारांची कुलपे, बंद ट्रकांच्या रांगा, आणि रस्त्याला एरवी नसलेली रुंदी. वाटेत मी वाक्य जुळवत होतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एकतीस कादंबऱ्यांचा लेखक, आणि एक वाक्य जुळेना. वाचता न येणाऱ्या आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला ते सांगायचे होते. लिहून देऊन पळ काढण्याची सोय नव्हती.

दामूच्या मुलाची खोली कारखान्यामागच्या चाळीत आहे. दारात रांगोळी होती. ज्योतीने मला पाहिले, “अरे, नाना!” म्हणाली आणि लगेच चहाला लागली. दामू भिंतीशी खाटेवर बसला होता. त्याचा डावा तळवा शेजारच्या फ्रिजवर होता. मी बसलो तरी त्याने तो काढला नाही.

“याना कंप्रेसर जाई ऱ्हायना,” तो मोठ्या आवाजात म्हणाला. बहिरी माणसे बोलतात तसा. “पोऱ्या ऐकत नही.” मग माझ्या नजरेकडे पाहून हसला. “तूच लिखं व्हतं ना, हातवरी कयस म्हनून. मी करी देखं. त्या टायमाले जमनं नही. आते जमस.”

मी त्याच्यासमोर सरकून बसलो आणि तोंड मोठे उघडत, एकेक अक्षर सुटे करून बोलू लागलो. “दामू. त्या. लाभपाचमीला. मी.”

“येडासारखा दिखस,” तो म्हणाला. “रोज बोलस तसा बोल.”

मग मी बोललो. स्वैपाकाच्या कोपऱ्यात स्टोव्हचा आवाज थांबला, म्हणजे ज्योतीही ऐकत होती. शेठला मी सांगितले, म्हणालो. पुस्तकाने नाही, दुसऱ्या कोणी नाही, मी. तुझ्याकडे बोट दाखवून. तू पंधरा पावलांवर होतास.

दामूने फ्रिजवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“माले माहीत शे,” तो म्हणाला.

“कोणी सांगितले?”

“तू. तू मन्हासमोर तर बोलना व्हता.” त्याने बोट स्वतःच्या ओठांवर टेकवले. “शेठनी पाठ व्हती मन्हाकडे. तुन्हं तोंड मन्हाकडे व्हतं. सगळं दिखनं. एक अक्षर खोटं नही, म्हने. आनी मंग, ए पण.” त्याने ते दोन शब्द माझ्या पद्धतीने उच्चारले, हनुवटी जरा वर उचलून. मी तशी उचलतो, हे मला माहीत नव्हते.

ज्योती चहाचे कप हातात धरून कोपऱ्यातच उभी राहिली होती.

“मी तुन्हा तोंडकडेच देखी ऱ्हायंतू,” दामू म्हणाला. “माले वाटनं, मन्ही तारीफ करी ऱ्हायना.”

हा प्रतिवाद मला करता आला असता. मी खरोखरच तुझी तारीफ करत होतो, दामू, असे म्हणता आले असते, आणि ते अक्षरशः खरे होते. मी पुढे झुकलो आणि तोंड उघडले.

दामूने हात उचलला आणि पंजा जमिनीच्या दिशेने दाबला. ही एक खूण मला शेडमध्ये कधीही न शिकता येत होती.

मी तोंड मिटले. ज्योतीने एक कप त्याच्यापुढे ठेवला आणि एक माझ्यापुढे. माझ्याकडे तिने पाहिले नाही. दामूने आपला तळवा पुन्हा फ्रिजवर टेकवला आणि डोळे मिटून घेतले.